पावणेनऊ महिन्यांचा बेसिक : आखातातून परतलेल्या एका मिस्त्रींचं प्रकरण

मार्च २०२५ च्या अखेरीस मिस्त्री संयुक्त अरब अमिरातीतल्या शारजाहून कायमचे परत आले. सोबत एक प्लॅस्टिकची फाइल होती. तिच्यात कॅन्सल झालेला व्हिसा, लेबर कार्डाची झेरॉक्स, कमरेच्या एमआरआयचा रिपोर्ट आणि इंग्रजी-अरबी अशा दोन रकान्यांत छापलेला ‘फायनल सेटलमेंट’चा कागद. त्यावरचा ग्रॅच्युइटीचा आकडा १२,२५० दिरहम.

पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शनचे कागद भरून देणं हे माझं काम. त्यामुळे गावात कुणी परदेशातून आलं की फाइल माझ्या टेबलावर येते. मिस्त्री म्हणाले, “जरा बघ रे, कंपनीने काय खाल्लं का.” मीही त्याच संशयाने कॅल्क्युलेटर काढला. दोन तासांनी उत्तर आलं की कंपनीने एक दिरहमही खाल्लेला नाही. मग मात्र मला जास्त अस्वस्थ वाटलं. फसवणूक असती तर तक्रार करता आली असती.

(पुढचं प्रकरण अशा दोन-तीन जणांच्या कागदांवरून एकत्र मांडलं आहे, कुणा एकाची ओळख पटू नये म्हणून. नियम आणि आकडेमोड खरी आहे.)

नोकऱ्यांचा पट

मिस्त्री सातवी पास, शटरिंगच्या कामात तरबेज, आज वय ५२. जुलै २००३ ते फेब्रुवारी २००८ या काळात ते लोटे परशुरामच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे होते आणि तिथे पीएफ कापला जात होता. मार्च २००८ मध्ये पहिल्यांदा शारजाला गेले. बेसिक (भत्ते सोडून मूळ पगार) ९०० दिरहम. सहा वर्षांनी, मार्च २०१४ ला, ती कंपनी सोडून घरी आले, घराचा स्लॅब टाकला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या व्हिसावर पुन्हा गेले. तिथे साडेदहा वर्षं काढली. शेवटी बेसिक १,४०० आणि खाणं, खोली, प्रवास मिळून ८०० भत्ता. ओव्हरटाइम वेगळा.

नोव्हेंबर २०२४ पासून कंबर धरली. डिस्क सरकली होती. डिसेंबरपासून आजारपणाची रजा. अमिरातीच्या कायद्यात वर्षाला ९० दिवस आजारपणाची रजा मिळते, पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, शेवटचे ४५ बिनपगारी. ती संपली आणि माणूस कामावर येऊ शकला नाही, तर मालक नोकरी संपवू शकतो. मिस्त्रींचं तसंच झालं.

हिशोब

आखातात काम केलेल्यांच्या घरात ‘हिशोब’ हा शब्द एका विशिष्ट अर्थाने वापरला जातो. “त्याला हिशोब किती मिळाला?” म्हणजे नोकरी संपताना हातात एकरकमी किती आलं. या रकमेवर लग्नं ठरतात, विहिरी खोदल्या जातात, रिक्षा घेतल्या जातात.

तो काढायची रीत सोपी आहे. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून जास्त होऊ शकत नाही. १९८० च्या जुन्या कायद्यातही हाच दर होता आणि २०२१ चा ३३ क्रमांकाचा कायदा, जो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला, त्यातही तोच राहिला. बदल एवढाच की पूर्वी कमी वर्षांनी राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांशावर यायची, ती कपात नव्या कायद्याने काढून टाकली.

मिस्त्रींची साडेदहा वर्षं. त्यातले बिनपगारी दिवस सेवेत धरत नाहीत. २०२० मध्ये साइट बंद होती तेव्हाचे ४५ दिवस आणि शेवटच्या आजारपणातले ४५, असे तीन महिने वजा. उरली सव्वादहा वर्षं. पहिल्या पाचाचे १०५ दिवस, पुढच्या सव्वापाचाचे, वर्षाला ३० प्रमाणे, १५७.५. बेरीज २६२.५ दिवस. तीसने भागलं की पावणेनऊ महिने. पावणेनऊ गुणिले १,४०० बरोबर १२,२५०. कागदावर जे होतं तेच.

दिरहमला २३ रुपये धरले तर २ लाख ८१ हजार ७५० रुपये.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. मिस्त्री दरमहा २,२०० कमवत होते, पण हिशोब १,४०० वर झाला, कारण कायदा ‘बेसिक’ म्हणतो. पूर्ण पगारावर धरलं असतं तर हीच रक्कम १९,२५० झाली असती. पगाराचे बेसिक आणि भत्ता असे तुकडे कसे पाडायचे हे ऑफर लेटर लिहिणारा ठरवतो, आणि सही करताना कुणी बेसिक बघत नाही, शेवटचा आकडा बघतं. हे आपल्याकडेही चालतं, त्यात नवल नाही. दुसरी गोष्ट कंपनी बदलण्याची. पहिल्या कंपनीतून निघताना त्यांना सहा वर्षांचे १३५ दिवस, ९०० च्या बेसिकने ४,०५० दिरहम मिळाले होते. तेव्हाच्या दराने ते ६६ हजारांच्या आसपास भरले आणि स्लॅबमध्ये गेले. साडेसोळा वर्षं एकाच मालकाकडे झाली असती, तर पहिली सहा वर्षंही शेवटच्या बेसिकने मोजली गेली असती आणि नव्या कंपनीत पुन्हा २१ दिवसांपासून सुरुवात करावी लागली नसती. फरक ४,३५० दिरहमचा, म्हणजे लाखभर रुपयांचा. आणि हे जास्त पगारासाठी कंपनी बदलणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत होतं.

मिस्त्री म्हणाले, “मग बरोबर आहे म्हणायचं.” मी म्हटलं, हो, हिशोब बरोबर आहे. पण वीस वर्षांत वाटला तर महिन्याला १,१७४ रुपये पडतात. त्यांनी फाइल बंद केली, पुन्हा उघडली.

राजीनामा कुणी लिहिला?

फाइलच्या तळाशी आणखी एक कागद होता. चार ओळींचं पत्र, ‘वैयक्तिक कारणास्तव’ नोकरी सोडत असल्याचं. खाली मिस्त्रींची सही.

“हे तुम्ही दिलंत?”

“ऑफिसातल्या पोराने टाइप करून आणलं. म्हणाला, चाचा, यावर सही केली की चार दिवसांत कॅन्सल आणि तिकीट. नाहीतर महिना लागेल.”

ग्रॅच्युइटीला या पत्राने काही फरक पडला नाही, नवा कायदा आहे म्हणून. फरक पडला तो दुसरीकडे. जानेवारी २०२३ पासून अमिरातीत नोकरी गेल्यास मिळणारा विमा सक्तीचा झाला. बेसिक १६,००० पर्यंत असलेल्यांनी महिन्याला ५ दिरहम भरायचे. न भरल्यास ४०० दिरहम दंड, त्यामुळे मजुरांच्या कॅम्पातल्या सगळ्यांनी भरले. मिस्त्रींनीही. सलग बारा महिने भरले असतील आणि नोकरी मालकाने संपवली असेल, तर बेसिकच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. मिस्त्रींच्या बाबतीत महिन्याला ८४०, तीन महिन्यांचे २,५२०. अर्ज तीस दिवसांच्या आत करायचा. राजीनामा देणाऱ्याला मात्र काही नाही, आणि देश सोडून गेलेल्यालाही नाही.

पत्र नसतं तर ते पैसे मिळालेच असते असं मी म्हणत नाही. कंबर धरलेला माणूस व्हिसा कॅन्सल झाल्यावर तीन महिने शारजात राहणार कुठे आणि खाणार काय? विमा कामगाराने भरायचा आणि लाभ मिळायला त्याच देशात थांबायचं, ही अट परदेशी मजुराच्या बाबतीत जवळपास स्वतःलाच खोडून काढते. आजारपणामुळे नोकरी मालकाने संपवली, हे कागदावर तसंच आलं असतं तर निदान दावा करण्याचा हक्क तरी शिल्लक राहिला असता. चार दिवस आधी तिकीट मिळावं म्हणून तो गेला.

नऊ रकाने

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५२ चा १०२ क्रमांकाचा करार सामाजिक सुरक्षेत नऊ बाबी मोजतो : उपचार, आजारपणातला पगार, बेकारी, म्हातारपण, कामावरची इजा, मुलाबाळांचा भार, बाळंतपण, अपंगत्व आणि कमावता गेल्यावर मागे राहिलेल्यांचा निर्वाह. भारताने हा करार मंजूर केलेला नाही, अमिरातीनेही नाही. पण मोजपट्टी म्हणून तो उपयोगी पडतो. मी एका कोऱ्या कागदावर नऊ रकाने आखले आणि मिस्त्रींची साडेसोळा वर्षं त्यात भरायला बसलो. बाळंतपण आणि मुलांचे दोन रकाने त्यांच्यासाठी रिकामेच होते, बायको-मुलं इथे. उरले सात.

उपचार : दुबईत आणि अबुधाबीत मालकाने आरोग्य विमा काढण्याची सक्ती जुनी आहे. शारजासह उत्तरेकडच्या अमिरातींत ती १ जानेवारी २०२५ पासून आली आणि तीही व्हिसा नवा काढताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी. ३२० दिरहम वार्षिक हप्त्याचं मूळ पॅकेज. मिस्त्रींचा व्हिसा २०२५ च्या मध्याला संपणार होता. त्यामुळे एमआरआय त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. थोडक्यात हुकलं.

आजारपणातला पगार मिळाला, वर सांगितला तेवढा. बेकारीचा रकाना राजीनाम्याने खोडला.

कामावरची इजा हा रकाना कागदावर सगळ्यात भक्कम आहे. कामावर अपघाताने मृत्यू आला तर कुटुंबाला २४ महिन्यांचा बेसिक, किमान १८,००० आणि कमाल दोन लाख दिरहम. मिस्त्रींच्या बेसिकने ३३,६०० झाले असते. पण ते पडले नाहीत, त्यांच्यावर काही कोसळलं नाही. साडेसोळा वर्षं प्लायवूड आणि पाइप उचलून कंबर झिजली, आणि झिजण्याची तारीख नसते. पोलिसांचा रिपोर्ट नाही, अपघाताची नोंद नाही, म्हणून इजा नाही. आणि इजा नाही म्हणून अपंगत्वाचाही रकाना रिकामा. कॅम्पात झोपेत हृदय बंद पडून जाणाऱ्यांचंही असंच होतं : घरच्यांना हिशोब मिळतो, मृतदेह मालकाच्या खर्चाने येतो, भरपाई नाही. कमावत्याच्या मागे राहणाऱ्यांचा रकाना असा दोन शक्यतांमध्ये फाटलेला आहे.

म्हातारपणाच्या रकान्यात पेन्शन नाही. अमिरातीची पेन्शन व्यवस्था तिथल्या नागरिकांसाठी आहे. शेजारचा कुवेती किंवा बहारीनचा माणूस शारजात काम करत असेल, तर आखाती देशांच्या आपसांतल्या व्यवस्थेने त्याच्या मायदेशाच्या पेन्शन खात्यात पैसे जमा होतात. बाकीच्यांना ग्रॅच्युइटी. २०२३ मध्ये अमिरातीच्या मंत्रिमंडळाने ग्रॅच्युइटीऐवजी दरमहा निधीत रक्कम टाकण्याची ऐच्छिक योजना आणली. पाच वर्षांपर्यंत बेसिकच्या ५.८३ टक्के, पुढे ८.३३. हे आकडे कुठून आले हे ३६० दिवसांनी भागून बघा : २१ भागिले ३६० आणि ३० भागिले ३६०. म्हणजे तोच हिशोब, फक्त दरमहा बाजूला टाकलेला आणि गुंतवलेला. कंपनी बुडाली तरी पैसे सुरक्षित, हा फायदा मोठा आहे. पण ऐच्छिक म्हणजे मालकाच्या इच्छेने. मिस्त्रींच्या कंपनीची ती इच्छा नव्हती.

पासपोर्टवरचा शिक्का

मग मी आपल्या बाजूचे कागद उलगडले, आणि तिथे हे प्रकरण मला खरं मनाला लागलं.

२००८ ला मिस्त्री गेले तेव्हा पासपोर्ट ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) होता, दहावी नाही म्हणून. अशा माणसाला आखाती देशांसह यादीतल्या देशांत (आज ते १८ आहेत) नोकरीला जायचं तर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि तिच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा सक्तीचा असतो. आजच्या रूपात या विम्यात परदेशी अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. हप्ता दोन वर्षांचा २७५, तीन वर्षांचा ३७५. इतका स्वस्त विमा दुसरीकडे मिळणार नाही.

२०१४ मध्ये परत जाण्याआधी मिस्त्रींनी पासपोर्ट नवा करून घेतला. तीन वर्षांहून जास्त परदेशात राहिलेल्याला ईसीआर लागत नाही. म्हणून नव्या पासपोर्टवर तो शिक्का आला नाही. एजंटने पेढे मागितले : “चाचा, आता परवानगी-बिरवानगी काही नाही, डायरेक्ट विमान.” आणि परवानगीबरोबर सक्तीचा विमाही गेला. नियमामागचं तर्कशास्त्र कळतं : तीन वर्षं बाहेर राहिलेला माणूस आता जाणता झाला, त्याला सरकारच्या बोटाची गरज नाही. पण विम्याचं आणि जाणतेपणाचं नातं काय? स्कॅफोल्डिंग जाणत्याच्याही अंगावर पडतं. ज्या साडेदहा वर्षांत त्यांचं शरीर म्हातारं होत गेलं, नेमक्या त्याच वर्षांत ते आपल्या सरकारच्या या छत्रीबाहेर होते.

ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांसाठी २०१२ मध्ये महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना आली होती. पेन्शनसाठी बचत, परतल्यावर बस्तान बसवण्यासाठी बचत आणि जोडीला आयुर्विमा, सरकारही थोडी भर घालणार. नोंदणी फारच कमी झाली आणि २०१७ मध्ये योजना गुंडाळली. मिस्त्रींनी नाव ऐकलेलं नव्हतं. मीही तेव्हा कुणाचा फॉर्म भरलेला नाही, हे कबूल करतो. अटल पेन्शन २०१५ ला सुरू झाली, वयाची मर्यादा ४०. मिस्त्री तेव्हा ४२ चे. एनपीएसला (राष्ट्रीय पेन्शन योजनेला) वयाची अडचण नव्हती आणि अनिवासी भारतीयालाही ती खुली आहे, पण शटरिंगच्या मिस्त्रीला एनपीएस विकायला लेबर कॅम्पात कोण जातं?

केरळने २००८ मध्येच प्रवासींसाठी स्वतंत्र कायदा करून कल्याण मंडळ उभं केलं. परदेशातला केरळीय दरमहा वर्गणी भरतो आणि साठीनंतर पेन्शन घेतो. मिस्त्रींच्या कॅम्पातल्या मल्याळी सहकाऱ्यांकडे ते कार्ड होतं. फिलिपिन्सने तर २०१८ च्या कायद्याने परदेशी काम करणाऱ्या साठीखालच्या आपल्या नागरिकांना मायदेशाच्या सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत सक्तीने घेतलं. तिथे १२० मासिक वर्गण्या भरल्या की म्हातारपणी पेन्शन. आखातातला मालक काही भरत नाही, सगळा हिस्सा कामगारानेच भरायचा, त्यावरून तिथे कुरबुरही असते. पण एकाच साइटवर, एकाच बेसिकवर साडेसोळा वर्षं काढलेले दोन मिस्त्री घरी परतले तर एकाला पेन्शन असते आणि एकाला नसते, हे यातून निघतंच. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळचा १९.७. त्यातले मिस्त्रींसारख्यांचे किती आणि अमेरिकेतल्या इंजिनिअरांचे किती, हा भाग वेगळा.

करार का होत नाही

“जर्मनीवाल्यांना मिळतं म्हणे पेन्शन,” मिस्त्रींच्या भाच्याने विचारलं. मिळते. भारताचे वीसेक सामाजिक सुरक्षा करार लागू आहेत. २००९ ला बेल्जियमपासून सुरुवात झाली. मग जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान आणि १ जानेवारी २०२४ पासून ब्राझील. या करारांचं एक काम म्हणजे कंपनीने थोड्या वर्षांसाठी पाठवलेल्या माणसाला दोन्हीकडे वर्गणी भरायला लागू नये. इथल्या पीएफ कार्यालयाचं प्रमाणपत्र दाखवलं की तिथली वर्गणी माफ. दुसरं काम, बहुतेक करारांत, दोन्ही देशांतली वर्षं पात्रतेसाठी जोडून धरणं आणि पेन्शन मायदेशी पाठवणं.

ही यादी वाचली की एकही आखाती देश दिसत नाही. पहिल्यांदा राग येतो. अमिरातीबरोबर व्यापार करार झाला, तो १ मे २०२२ पासून लागूही आहे, मग हा का नाही? पण जरा विचार केला की अडचण कळते. जोडकाम करायला दोन टोकं लागतात. जर्मनीत मिस्त्रींच्या नावाने पेन्शन खातं असतं, पगाराच्या ९.३ टक्के त्यांचे आणि तितकेच मालकाचे त्यात पडले असते, किमान पाच वर्षांची अट त्यांनी दोनदा पुरी केली असती. शारजात खातंच नाही. तिथली साडेसोळा वर्षं जोडायची म्हटली तर कशाला जोडणार? ग्रॅच्युइटी हे मालकाचं देणं आहे, ते फेडलं की संपलं. करार नाही म्हणून मिस्त्रींची पेन्शन अडलेली नाही. जिथे करार अडकवायचा तो खुंटाच तिथे नाही. म्हणून मला वाटतं, आखाताच्या बाबतीत ‘करार करा’ ही मागणी ऐकायला चांगली असली तरी चुकीच्या दारावर आहे. वर्गणी घेणारं खातं मायदेशीच उघडावं लागेल, जसं केरळने आणि फिलिपिन्सने उघडलं.

लोट्याचे चार वर्षं आठ महिने

एक खातं मात्र होतं, आणि ते मिस्त्रींनी स्वतः बंद केलं होतं.

लोट्याच्या नोकरीत पीएफबरोबर कर्मचारी पेन्शन योजनेतही पैसे पडत होते. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के तिकडे जातात. २००८ मध्ये शारजाच्या तिकिटाची आणि एजंटची जुळवाजुळव करताना त्यांनी पीएफ काढला आणि १०-सी फॉर्म भरून पेन्शनचेही काढले. शेवटच्या पगाराच्या साधारण पाचपट रक्कम आली. दहा वर्षांची सेवा नसेल तर पेन्शन मिळत नाही, तेव्हा पैसे काढून घ्या, असंच त्यांना सांगितलं गेलं. मलाही कुणी विचारलं असतं तर तेव्हा मी हेच सांगितलं असतं.

पण त्याच १०-सी फॉर्मवर दुसरा पर्याय असतो : पैसे न घेता स्कीम सर्टिफिकेट घ्यायचं. सेवा गोठवून ठेवल्यासारखी राहते, पुढे केव्हाही पीएफची नोकरी लागली की जोडली जाते. चार वर्षं आठ महिने म्हणजे सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून पाच वर्षं. मिस्त्री आज ५२ चे. ५८ पर्यंत या योजनेत राहता येतं. पाच वर्षं कुठेही, स्टोअरकीपर म्हणून, पीएफ असलेल्या जागी काढली असती तर पाच आणि पाच दहा.

पेन्शन किती आली असती? १५,००० पगार धरला आणि सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला तेव्हाची ६,५०० ची मर्यादा लावली, तर सूत्राने महिन्याला साधारण १,५३५ रुपये. फार नाहीत, कबूल. पण शारजाच्या सव्वादहा वर्षांचा अख्खा हिशोब वीस वर्षांत वाटला तर १,१७४ येतात, आणि वीस वर्षांनी संपतात. हे मरेपर्यंत, आणि नंतर बायकोला निम्मे, पण किमान हजार. लोट्यातल्या ठेकेदाराकडची पाच वर्षं अधिक पाच वर्षं स्टोअरकीपरी, हे गणित आखातातल्या कष्टांना भारी पडलं. मिस्त्रींना मी हे सांगावं की नाही यावर आदल्या रात्री मी विचार केला होता. सांगितलं. ते बराच वेळ एमआरआयच्या पाकिटाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, “तेव्हा एजंटला चाळीस हजार द्यायचे होते रे.”

सध्या

कंबरेसाठी दाखल व्हावं लागलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, रेशन कार्डावर कुटुंबाला पाच लाखांपर्यंत. रोजच्या गोळ्या आणि फिजिओथेरपी खिशातून. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायला गेल्या वर्षभरात राज्यात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि मिस्त्रींचं ते वर्ष शारजात गेलं. ओळखीच्या एका बिल्डरच्या साइटवर ते हल्ली उभं राहून पोरांना शटरिंग दाखवतात, वाकत नाहीत. ९० दिवस ऑगस्टात भरतील, मग अर्ज करू. हिशोबातले दोन लाख पोस्टात मासिक उत्पन्न योजनेत ठेवले, बाकीचे एजंटच्या नाही तरी मेडिकलवाल्याच्या उधारीत गेले.

मे महिन्यात तो भाचा आला. आयटीआय इलेक्ट्रिशियन, चाकणला तीन वर्षं दोन महिने पीएफ भरलेला, सौदीचा व्हिसा हातात. दहावी झालेला, म्हणून ईसीआर नाही आणि सक्तीचा विमाही नाही. त्याला पीएफ काढायचा होता. ऑफर लेटर मी मागून घेतलं, बेसिकची ओळ शोधली, त्याच्यापुढे गोल केला. अपघात विम्याचे दर काढून दिले.

मिस्त्री शेजारच्या खुर्चीवर उशी लावून बसले होते. मी छापलेला १०-सी भाच्याने पुढे ओढला आणि पैसे काढायच्या चौकटीवर पेन नेलं. मिस्त्रींनी हात लांब करून कागदावर पंजा ठेवला.

“एजंटला किती द्यायचेत तुला?”

“नव्वद.”

“चाळीस मी देतो,” मिस्त्री म्हणाले. “दुसऱ्या चौकटीत टिक कर.”